मले पटवून दे

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला सगळ्यात आधी हवं होतं ते पाणी. नागपूरहून सावनेरकडे जाणाऱ्या बसमधून फाट्यावर उतरायचं आणि तिथून गावापर्यंत पायी जायचं. जून संपत आला तरी ऊन हटायला तयार नव्हतं. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत पोचलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. वऱ्हांड्यात एक उंच बाई कमरेत वाकून जमिनीकडे बघत उभ्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. मी नाव सांगितलं, नव्यानं रुजू व्हायला आलोय म्हटलं आणि विचारलं, "मॅडम, पिण्याचं पाणी कुठं मिळेल?"

त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुम्हाले काय वाटते? कुठं असन?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"हसून काय होते, बाबू? लेकरं तोंड पुसत कोणत्या बाजूनं येऊन राहिले, ते पाहा."

मी पाहिलं. शाळेच्या मागून दोन पोरी ओल्या हातांनी तोंड पुसत येत होत्या. त्या बाजूला गेलो तर टाकी आणि नळ. पाणी पिऊन परत आलो तरी बाई तशाच वाकलेल्या. खाली मुंग्यांची रांग चालली होती आणि ती मधेच, काही अडथळा नसताना, वळसा घेत होती.

"सापडलं?" त्या म्हणाल्या. "आता हे सांगा, ह्या मुंग्या काहून वळून राहिल्या?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं. बाई पहिल्यांदाच सरळ उभ्या राहिल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि समाधानानं म्हणाल्या, "मलेही नाही माहीत. या, बसा."

त्या चौथीच्या वर्गशिक्षिका होत्या. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी आसपासच्या गावांत काढली होती आणि उत्तर नागपुरातल्या घरून रोज स्कूटरनं येत. रस्त्यात ओळखीचं कुणी 'जय भीम, बाई' म्हणालं की स्कूटर थांबलीच. अन् थांबली की प्रश्न आलाच. 'यंदा कपाशी काहून नाही लावली?' 'नवं घर उत्तरेकडं तोंड करून काहून बांधलं?' माणूस 'असंच' म्हणाला तर बाई स्कूटरचं इंजिन बंद करत. मग त्या माणसाची सुटका लवकर होत नसे.

फाट्यावरच्या चहावाल्यानं एकदा कौतुकाच्या आशेनं विचारलं, "बाई, चहा कसा झाला?"

"कशापेक्षा?"

"कालच्यापेक्षा."

"कालचा पिऊन चोवीस तास झाले. जीभ काय लक्षात ठेवते? आज दोन तऱ्हेचा कर, मंग सांगते."

त्यानं खरंच दोन तऱ्हेचा केला. बाईंनी दोन्ही पिऊन पाहिले, मला दोन्ही पाजले, आणि आलं कुटून घालावं की किसून यावर आम्ही शाळेची वेळ होईपर्यंत बोलत राहिलो. निर्णय झाला नाही. चहावाला मात्र त्या दिवसापासून किसून घालू लागला.

त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, अत्यंत शांत गृहस्थ. स्नेहसंमेलनाला आले होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "बाईंकडून खूप शिकायला मिळतं." ते स्टेजकडे बघत हळूच म्हणाले, "तुमचं बरं आहे, सर. तुम्ही पाच वाजता सुटता. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, तं मले पुरावा मागते."

वर्गात बाई 'बरोबर' किंवा 'चूक' हे शब्द वापरत नसत. मुलानं उत्तर दिलं की त्या खडूनं ते फळ्यावर लिहीत. दुसऱ्यानं वेगळं दिलं की तेही लिहीत. मग खुर्चीवर बसून, पर्समधल्या पुडीतले फुटाणे खात, म्हणत, "आता मले पटवून दे." पोरगं उभं राही आणि सुरू करी. ते अडखळलं की वर्गातलं दुसरं कुणीतरी हात वर करी. बाई मधे पडत नसत, फक्त फुटाणे खाण्याचा वेग कमीजास्त होई. मुलांनी तो बरोबर ओळखला होता. बाई चावायच्या थांबल्या म्हणजे कुणीतरी कामाचं बोललंय. आणि पटलं, की बाई चष्मा काढून टेबलावर ठेवत, उठत आणि त्या पोराशी हात मिळवत. मोठ्या माणसाशी मिळवावा तसा, घट्ट. चौथीतली पोरं त्या हातासाठी जीव टाकत.

न पटलेली उत्तरं पुसायची नाहीत असा दंडक होता. त्याभोवती चौकट काढायची आणि ती फळ्यावर मुक्कामाला ठेवायची. मी विचारलं, चुकीचं उत्तर रात्रभर फळ्यावर कशाला? बाई म्हणाल्या, "लेकरू घरी जाऊन त्याच्यावर विचार करते. पुसलं तं घरी काय घेऊन जाईन?"

आणि शनिवारी त्या खोटं बोलत.

ही गोष्ट मला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळली आणि मी हादरलो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत, शिकवता शिकवता, बाई एक धडधडीत खोटं वाक्य सांगत. कोणतं, ते सांगत नसत. मुलांनी ते ओळखायचं. पण नुसतं 'बाई, हे खोटं आहे' चालायचं नाही. सोमवारी येताना पुरावा आणायचा. 'दुपारी बाराला सावली सगळ्यात लांब असते' म्हटलं, तर रविवारभर गावातली पोरं उन्हात काठ्या रोवून बसली. 'संत्र्याच्या सगळ्या फोडींत बिया सारख्याच असतात' म्हटलं, तेव्हा सोमवारी वर्गभर संत्र्यांच्या साली आणि माझ्या तिसरीच्या वर्गापर्यंत वास.

तक्रार घेऊन एक पालक आले ते मी पाहिलंय. वीजकेंद्रातली राख गावाजवळच्या विटांच्या भट्ट्यांना पोचवणारा ट्रक चालवायचे. त्यांची मुलगी प्रांजली चौथीत होती. बारीक चणीची, दोन वेण्या, वर्गात क्वचितच बोलणारी.

"बाई, पोरगी म्हणते, तुम्ही वर्गात खोटं बोलता."

"बोलते नं. दर शनिवारी."

ते गृहस्थ भांडायच्या तयारीनं आले होते.

"तिनं पकडलं का?" बाईंनी विचारलं.

"पकडलं म्हणते."

"कसं पकडलं ते तिनं तुम्हाले सांगतलं का?"

"सांगतलं. अर्धा घंटा सांगत होती. जेवूही देल्लं नाही."

"आधी कधी इतकी बोलली होती का घरी?"

डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधत ते म्हणाले, "नाही बाप्पा," आणि निघून गेले.

डी.एड.ला आम्हाला उच्च विचारकौशल्यांवर एक अख्खा धडा होता. त्यात पायऱ्यांचं चित्र होतं: सगळ्यात खाली लक्षात ठेवणं, मग समजणं, वापरणं, तपासणं, पारखणं आणि सगळ्यात वर नवं घडवणं. एकदा डबा खाताना मी बाईंना तो धडा समजावू लागलो. त्यांनी मन लावून ऐकलं. पोळीचा घास तसाच हातात.

"चांगलं आहे हे. तुम्ही कसं शिकले?"

"पाठ केलं."

"सगळ्या पायऱ्या?"

"हो. परीक्षेत जशाच्या तशा लिहिल्या. पैकीच्या पैकी मिळाले."

"मंग वर चढले, का खालच्याच पायरीवर उभं राहून वरच्या मोजल्या?"

मला ठसका लागला. बाईंनी पाण्याचा गिलास पुढं केला. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी सगळ्या शाळांत एक नवी चाचणी आली. पाठांतर नको, मुलांची विचारशक्ती तपासू, असा तिचा हेतू. बाई आनंदल्या. चाचणीच्या दिवशी मुलांना म्हणाल्या, "आज तुम्हाले कोणीतरी विचार करायले सांगून राहिलं. घाबरू नका. पाहिलेलं लिहा."

निकाल लागला तेव्हा चौथीचा वर्ग केंद्रातल्या शाळांमध्ये पार तळाला होता.

घोळ एका मोठ्या, बऱ्याच गुणांच्या प्रश्नात झाला होता. कोमल नावाच्या मुलीच्या परसातल्या वेलाच्या पानांवर पांढरी भुकटी दिसते. कारण काय असावं? खाली चार पर्याय: पाणी कमी पडलं, बुरशी लागली, थंडी पडली, ऊन जास्त झालं. मग त्याच कारणावर आधारलेले आणखी उपप्रश्न. उत्तरसूचीप्रमाणे बरोबर उत्तर होतं बुरशी. आमच्या पोरांनी, एक अपवाद सोडून, एकाही पर्यायाला गोल केला नव्हता. बाजूच्या कोऱ्या जागेत त्यांनी लिहिलं होतं, 'राख'. काहींनी कारणही दिलं होतं. रोशन नावाच्या पोरानं लिहिलं होतं, 'आमच्या गावात ट्रकमधून राख उडते. पानावर बसते, दगडावर बसते, आजीच्या पापडावर बसते. दगडाले बुरशी लागत नाही.'

या सगळ्याला शून्य.

साऱ्या वर्गात एकटीनं 'बुरशी'ला गोल केला होता, ती प्रांजली. आणि त्याचा तिला त्रासच झाला. मधल्या सुट्टीत पोरं तिला चिडवत होती, "तुह्या बाबाचा ट्रक आहे म्हणून तू राख नाही लिहिली!" ती डबा घेऊन मुलींच्या घोळक्यातून उठली आणि एकटी जाऊन बसली.

बाईंनी ते ऐकलं आणि सगळ्यांना वर्गात बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "कोण बोललं त्याच्यावरून उत्तर ठरत नाही. काय बोललं, ते पाहा लागते. अन् प्रांजली, तुह्या मनात कारण असन तं तेही कधी सांग." प्रांजली खाली मान घालून उभी राहिली. खरं सांगायचं तर बाईंचं स्वतःचं मतही राखेचंच होतं. पेपर काढणाऱ्यांनी आपलं गाव पाहिलेलं नाही, एवढंच त्या मला म्हणाल्या.

त्यानंतर केंद्रप्रमुख आले. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे हे गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांना आकड्यांची धास्ती होती. जवळच एक इंग्रजी शाळा निघाली होती, तिची पिवळी बस आता गावात यायला लागली होती आणि आमचा पट घसरत होता. ते बाईंसमोरच मला म्हणाले, "सर, पुढच्या महिन्यापासून चौथी तुम्ही घ्या. बाईंना पहिली देऊ. मोठ्या मॅडम, गटशिक्षणाधिकारी, तालुक्याहून शाळा पाहायला येणार आहेत, त्यांच्या कानावर घालतो आणि पक्कं करतो."

मी म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, जमवावं लागेल.

बाईंनी ऐकून घेतलं. एरवी एवढ्यावर त्यांनी साहेबांना निदान सात 'काहून' विचारले असते. त्या दिवशी डबा उघडला नाही. पाण्याचा गिलास नळाखाली धरून धूत राहिल्या, तो स्वच्छ झाल्यावरही. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"पहिलीही चांगली असते," त्या म्हणाल्या. "पण ह्या पोरांले आत्ता कुठं भांडता येऊन राहिलं होतं, बाबू. मुद्द्यावर."

मोठ्या मॅडम आल्या तो दिवस थंडीचा होता. पन्नाशीतल्या, बारीक केस कापलेल्या, कमी बोलणाऱ्या. केंद्रप्रमुख एक पाऊल मागे. मीही माझ्या वर्गाला वाचायला देऊन चौथीच्या दारात येऊन उभा राहिलो. मॅडमनी निकालाचा विषय सरळ काढला. बाईंना नाही, मुलांनाच विचारलं, "त्या पांढऱ्या भुकटीच्या प्रश्नात दिलेला एकही पर्याय तुम्ही का नाही निवडला?"

रोशन उठला. त्यानं विचारलं, "मॅडम, दाखवू का?" आणि परवानगी मिळायच्या आत तो धावत बाहेर गेला. कुंपणापासचा एक दगड, रस्त्याकडच्या झाडाची फांदी आणि वाळत घातलेल्या ओढणीवरची धूळ बोटावर घेऊन आला. "हे पाहा. दगड पांढरा, पान पांढरं, कापड पांढरं. बुरशी असती तं दगडाले काहून लागली असती? अन् रस्त्यापासून जसं जसं आत जा, तसं तसं कमी होते. आम्ही मोजून पाह्यलं." बाकीची पोरं एकामागून एक भर घालू लागली. ट्रक जास्त जातात त्या दिवशी काय होतं, पाऊस पडल्यावर काय होतं. मॅडमनी दगड हातात घेऊन फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठपणा जरा सैलावला. केंद्रप्रमुखांनीही पानावरून बोट फिरवून पाहिलं. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांची मान हळूहळू वर येत होती. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. प्रांजली.

"मॅडम, मले वेगळं वाटते."

मी दारातून तिला नजरेनंच 'बस' म्हणत होतो. रोशन वळून बघू लागला. केंद्रप्रमुखांनी घड्याळाकडं पाहिलं. हा डाव अगदी हातात आला असताना आमचीच पोरगी उलट बाजूनं बोलायला उभी राहिली होती. आणि सगळ्यांना ठाऊक होतं की तिचा बाप राखेचा ट्रक चालवतो.

बाई चार पावलं पुढं आल्या. शब्द नेहमीचेच. "बोल वं, प्रांजली. मले पटवून दे."

"इथं नाही. मागं चला लागन."

सगळा वर्ग, मोठ्या मॅडम, केंद्रप्रमुख, बाई आणि मी, असे आम्ही तिच्यामागून शाळेच्या मागच्या अंगणात गेलो. खिचडी शिजवायच्या खोलीला लागून पत्र्याचं छप्पर होतं. त्याच्या आत, भिंतीच्या आडोशाला, भोपळ्याचा वेल चढवलेला होता. त्याच्या पानांवरही पांढरं होतं.

"इथं वरून पत्रा आहे," प्रांजली म्हणाली. आवाज बारीक, पण थरथरत नव्हता. "तरी पांढरं आहे. मंग मी एक पान पुसलं. चार दिवसांनी परत आलं. अन् राख सगळीकडं सारखी बसते. हे गोल गोल ठिपके आहेत." मग तिनं एक पान हलकेच उलटं केलं. खालच्या बाजूलाही पांढरे ठिपके होते. "राख वरून पडते. पानाच्या खाली कशी जाईन?"

पोरं वेलाभोवती गोळा झाली.

बाई मातीत गुडघ्यांवर बसल्या, साडीची पर्वा न करता. एक पान उलटून पाहिलं, दुसरं पाहिलं, बोटानं घासून नाकाशी नेलं. बराच वेळ. आम्ही सगळे उभे. मग त्यांनी चष्मा काढला, बाजूच्या विटेवर ठेवला, आणि गुडघ्यांवर बसल्याबसल्याच त्या बारक्या पोरीपुढे हात केला.

"पटलं. मी चुकली होती."

प्रांजलीनं हात दिला. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि जोरात हलवला, इतका की पोरीच्या वेण्या हलल्या. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिला नव्हता. त्या हरल्या होत्या, सगळ्या वर्गासमोर, साहेबांसमोर. आणि त्यांना वाटत होतं की यापरीस मोठं बक्षीस नाही. रोशन पुढं झाला, पान उलटून बघितलं आणि म्हणाला, "हो गा, हे खरं आहे." मग प्रांजलीकडं वळून, "पण रस्त्यावरच्या झाडावर राखच आहे, बरं का."

"ते मी कुठं नाही म्हटलं?" ती म्हणाली. "तिथं राखच आहे. माहे बाबा ताडपत्री नाही बांधत."

मोठ्या मॅडम पुढं आल्या. त्यांनी वेलाचं पान हातात घेतलं आणि मुलांना विचारलं, "मग पेपरमधल्या कोमलच्या वेलावर काय असेल?"

एकच गलका झाला. कोमल कुठं राहते ते पेपरात लिहिलेलं नाही, असं एक म्हणालं. रस्ता जवळ आहे का, वर छप्पर आहे का, कोणालाच माहीत नाही, असं दुसरं. प्रांजली म्हणाली, "पान उलटून पाहा लागन."

मॅडम हसल्या. अगदी मोकळ्या. केंद्रप्रमुखांकडे वळून म्हणाल्या, "प्रश्न अपुरा होता, साहेब. आणि हे चौथीच्या मुलांनी सांगितलं." मग बाईंना म्हणाल्या, "चौथी तुमच्याकडेच राहील. आणि या मुलांचे पेपर मी परत तपासायला सांगते. राख लिहिणाऱ्यांनाही गुण मिळतील."

कोणीही म्हणालं असतं, आभारी आहे. बाई मातीतून उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "ज्यायनं कारण लिहिलं, त्यायले द्या. नुसतं 'राख' लिहिलं त्यायले नको."

"अहो, पण वर्गाचा निकाल वर जाईल."

"जाऊ नाही देला पायजे. नुसतं उत्तर तं पोपटही देते."

केंद्रप्रमुखांनी कपाळाला हात लावला. जाताना मॅडमनी बाईंना विचारलं, पुढच्या वर्षी चाचणीचे प्रश्न काढायला याल का? बाई म्हणाल्या, "मी येते. पण पेपर वेळेवर छापून होईन याची खात्री नाही." मॅडम म्हणाल्या, चालेल.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर पोरं घरी गेलीच नाहीत. सगळ्या गावातली पानं उलटून बघत फिरत होती. दुसऱ्या दिवशी फाट्यावर मी चहा पीत होतो, तर एक राखेचा ट्रक येऊन थांबला. वर नवीकोरी निळी ताडपत्री ताणून बांधलेली. प्रांजलीचे बाबा खाली उतरले, माझ्याकडं पाहून म्हणाले, "काय करता, सर? जेवतानी पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही ताडपत्री काहून नाही बांधत. म्हटलं, येळ जाते. म्हणते, किती जाते? मोजलं का? मोजलं तं चहा प्यायच्या येळेपेक्षा कमी." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "अन् तिच्या बाईले सांगा, माही पोरगी हुशार आहे हे मले आत्ता समजलं." हे म्हणताना त्यांचा आवाज एकदम हळू झाला आणि ते चहावाल्याकडे वळले.

बाईंनी पुढच्या वर्षी खरोखर प्रश्न काढले. त्या समितीत त्यांनी काय गोंधळ घातला याच्या गोष्टी मी अजून ऐकतो. एका प्रश्नावरून दोन दिवस वाद चालला म्हणे, आणि एका बैठकीत त्यांनी सगळ्यांना चहाचे दोन प्रकार पाजले. पण पेपर आला. माझ्या हातात गठ्ठा पडला तेव्हा मी घाईनं पहिलं पान उलगडलं. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय होतेच. त्यांच्याखाली पाचवा होता: 'यापैकी कोणतेही नाही, मला वेगळे वाटते.' आणि त्याखाली मोकळ्या ओळी, चांगल्या लांबसडक. वर लिहिलेलं, 'तुला असे का वाटते? पटवून दे.' तालुक्यातल्या सगळ्या शाळांत, ज्या पोरांनी बाईंचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्यापुढे त्या सकाळी त्या ओळी मोकळ्या पसरल्या होत्या.

आमच्या चौथीवर पर्यवेक्षक मी होतो. रोशन, प्रांजली पाचवीत दुसऱ्या शाळेत गेले होते. समोर नवी पोरं. सुरुवातीला ती त्या कोऱ्या ओळींकडं बावरून बघत बसली. मग एकानं लिहायला सुरुवात केली, दुसऱ्यानं केली आणि वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज राहिला. वेळ संपत आली तरी कुणी मान वर करेना. एक पोरगी जीभ बाहेर काढून लिहीत होती, ओळी संपल्या म्हणून कागदाच्या कडेवर वळून.

घंटा व्हायची वेळ झाली. झाली नाही. मी दारातून बाहेर डोकावलो. वऱ्हांड्यात टांगलेल्या लोखंडी पट्टीखाली बाई उभ्या होत्या, पांढऱ्या बुटांत, पाठीमागे हात बांधून. घंटा वाजवायला आलेली तिसरीची मुलगी त्यांच्यासमोर हात पसरून उभी होती, आणि हातोडी बाईंच्या पाठीमागे होती.

"बाई, टाइम झाला," मुलगी कळवळून म्हणाली.

"झाला," बाई म्हणाल्या. "पण आत लेकरं विचार करून राहिले."